‘व्हॅनिटी’, व्यर्थ आणि हेवेल

स्प्रिंगफील्ड लेक्स येथील आमच्या राहत्या घरी दर रविवारी सकाळी चार-पाच कुटुंबांतील मुले जमतात. त्यास शाळा म्हणणे धाडसाचे ठरेल. जेवणाच्या मेजाभोवती आठ-दहा खुर्च्या, एक लहानसा फळा आणि शेवटी चहाबरोबर काही गोडधोड, एवढाच त्याचा सरंजाम. थोडे हिब्रू, थोडी मराठी आणि तनाखमधील एखादा उतारा असा आमचा क्रम असतो. सुक्कोथच्या सणातील शब्बाथला कोहेलेथ वाचण्याची रीत अनेक यहुदी समाजांत आहे. म्हणून मागील वर्षी सण जवळ आला तेव्हा आम्ही मुलांपुढे कोहेलेथचे इंग्रजी भाषांतर ठेविले. पहिल्याच अध्यायात पुन्हा पुन्हा येणारा ‘व्हॅनिटी’ हा शब्द वाचून अकरा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला.

“टीचर, आमच्या बाथरूममध्येसुद्धा व्हॅनिटी आहे. पप्पांनी परवाच नवी बसवली. किंग सॉलोमनला ती का आवडत नव्हती?”

सारी मुले हसली. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका मुलाने मोठ्या अधिकाराने तिची चूक सुधारली : “अगं, व्हॅनिटी म्हणजे सारखं आरशात बघणं. सॉलोमन म्हणतो, सगळे लोक शो करतात.”

आम्हीही हसलो. परंतु मुले घरी गेल्यावर ते हसू फार वेळ टिकले नाही. आजच्या इंग्रजीच्या दृष्टीने पाहू जाता दोन्ही मुले बरोबर होती. तरीही दोघांपैकी एकही कोहेलेथच्या जवळपासही पोहोचले नव्हते. पुस्तक आमचे, मुले आमची, आणि मध्ये एक शब्द भिंतीसारखा उभा. ही भिंत कशी उभी राहिली आणि ती ओलांडण्यास आम्हां पालकांच्या व शिक्षकांच्या हाती काय आहे, याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आमचे हे उपनगर नवे आहे. इप्सविच शहराच्या हद्दीतील ग्रेटर स्प्रिंगफील्डची उभारणी १९९२ पासून सुरू झाली. त्यापूर्वी येथे माळरान व गमवृक्षांचे रान होते. तळीसुद्धा माणसांनी बांधलेली. येथे ज्यांनी घर बांधिले किंवा दुरुस्त केले, त्यांना बांधकामवाल्यांची यादी ठाऊक असेल : फरशी अमुक, नळ तमुक आणि ‘व्हॅनिटी’ इतक्या मापाची. ऑस्ट्रेलियातील नित्याच्या बोलण्यात हात धुण्याचे भांडे व त्याखालील कपाट मिळून ‘व्हॅनिटी’ होते. म्हणजे मूळ ज्या शब्दाचा अर्थ ‘रिकामेपणा’, तो शब्द आज टॉवेल, साबण, तेलाच्या बाटल्या व दंतमंजन यांनी गच्च भरलेल्या कपाटाचे नाव होऊन बसला आहे! शब्दांच्या नशिबी काय काय येते, याचा याहून गमतीदार दाखला क्वचितच मिळेल.

आता मुळाकडे जाऊ. कोहेलेथने वापरलेला हिब्रू शब्द ‘हेवेल’ होय. हेवेल म्हणजे श्वास, तोंडावाटे निघणारी वाफ. थंडीत दिसते आणि पाहता पाहता विरून जाते ती. संपूर्ण तनाखमध्ये हा शब्द जितक्या वेळा येतो, त्यांपैकी सुमारे निम्म्या वेळा तो कोहेलेथच्या या एका लहानशा ग्रंथात येतो. ग्रंथकर्त्याने धन पाहिले, विद्या पाहिली, सुखोपभोग पाहिले, श्रम पाहिले, आणि प्रत्येकावर त्याने हाच शब्द ठेविला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वाफेला कोणी ‘वाईट’ म्हणत नाही. ती खोटी नसते, ती घमेंडखोरही नसते. ती मुठीत धरता येत नाही, इतकेच.

हा शब्द परभाषांत जाऊ लागला तेव्हा त्याचे काय झाले? ज्यास सेप्टुआजिंट म्हणतात त्या प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘निष्फळपणा’ अशा अर्थाचा शब्द योजिला. वाफ गेली आणि तिच्या जागी निकाल आला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या, परंपरेनुसार यहुदी धर्म स्वीकारलेल्या भाषांतरकाराने मुळाशी इमान राखून ‘वाफ’ याच अर्थाचा ग्रीक शब्द वापरिला. परंतु त्याचे भाषांतर मागे पडले. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेम येथे बसून जेरोम या ख्रिस्ती पंडिताने लॅटिन भाषांतर केले व त्यात ‘व्हॅनिटास’ हा शब्द घातला. लॅटिनमध्ये ‘व्हॅनुस’ म्हणजे रिकामा, पोकळ. हाच शब्द फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत उतरला आणि १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने त्यास इंग्रजी बोलणाऱ्या सर्व जगात रूढ केले. यहुद्यांनी स्वतः अमेरिकेत १९१७ साली जे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यानेही तोच शब्द कायम ठेविला.

‘व्हॅनिटी’ येण्यापूर्वी इंग्रज लोक या कल्पनेसाठी काय म्हणत, हेही पाहण्याजोगे आहे. ते ‘आयडल’ म्हणत. आज ‘आयडल’ म्हणजे आळशी किंवा स्वस्थ बसलेला. परंतु प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘रिकामा’ असाच होता. सुमारे इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या धर्मोपदेशकाने बेरेशिथचे इंग्रजी केले, तेव्हा सृष्टीच्या आरंभी पृथ्वी ओसाड व शून्य होती हे सांगण्यासाठी त्याने हाच शब्द योजिला. त्याच्या जोडीला त्याने आजच्या ‘एम्प्टी’चे जुने रूप ठेविले, आणि मौज अशी की त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याला काम नाही, सवड आहे असा’. म्हणजे एक शब्द रिकामेपणाकडून आळसाकडे गेला व दुसरा सवडीकडून रिकामेपणाकडे आला. मराठी माणसास याचे नवल वाटू नये. आपला ‘रिकामा’ हा एकटा शब्द ही दोन्ही कामे कधीचा करीत आहे. डबाही रिकामा आणि ओट्यावर बसून गप्पा मारणारा गृहस्थही रिकामाच!

आता मूळ प्रश्न असा की, ‘पोकळ’ या अर्थाचा शब्द ‘रूपगर्विष्ठ’ या अर्थापर्यंत कसा आला? यात एका जोडशब्दाचा मोठा वाटा दिसतो. मध्ययुगीन धर्मोपदेशक ‘व्हेनग्लोरी’ या दोषावर प्रवचने करीत. याचा शब्दशः अर्थ पोकळ कीर्ती किंवा पोकळ मोठेपणा. मराठीत यास आपण ‘वृथाभिमान’ म्हणतो. ‘वृथा’ म्हणजे निष्फळ व ‘अभिमान’ म्हणजे गर्व. मराठीत हे दोन तुकडे अजून स्पष्ट दिसतात. इंग्रजीत मात्र असे झाले की, उत्तरार्धातील गर्व हळूहळू पूर्वार्धात झिरपला. ‘व्हॅनिटी’ला स्वतःविषयीच्या फाजील कौतुकाचा अर्थ चौदाव्या शतकातच चिकटू लागला होता, ‘व्हेन’ या विशेषणास तो सतराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. जुना अर्थ तोपर्यंत मरण पावला नव्हता. जॉन बन्यन याने १६७८ साली आपल्या रूपककथेत ‘व्हॅनिटी’ नावाच्या गावाची जत्रा रंगविली, ती निःसार वस्तूंच्या बाजाराची जत्रा होय. आणि थॅकरेने १८४७-४८ मध्ये आपल्या कादंबरीस त्याच जत्रेचे नाव दिले.

दुसरा वाटा आरशाचा. उपदेशक जेव्हा निःसार गोष्टींची उदाहरणे देत, तेव्हा उंची वस्त्रे, अलंकार, सुगंधी तेले आणि आरसा ही हाताशी असत. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ७ फेब्रुवारी १४९७ रोजी साव्होनारोला या साधूच्या अनुयायांनी अशा वस्तूंची होळी केली. इतिहासात तिला ‘व्हॅनिटींची होळी’ असेच नाव आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार कवटी, वाळूचे घड्याळ, विझती मेणबत्ती, साबणाचे बुडबुडे यांची चित्रे काढीत व त्या प्रकारास ‘व्हॅनिटास’ म्हणत. बुडबुडा हा खरा हेवेलचा सख्खा भाऊ. पुढे १८९२ साली चार्ल्स ॲलन गिल्बर्ट या अमेरिकन चित्रकाराने एक चित्र काढिले. जवळून पाहिल्यास आरशापुढे शृंगार करीत बसलेली स्त्री दिसते आणि दूर जाऊन पाहिल्यास तेच चित्र मोठी कवटी होते. शब्दाचे दोन्ही अर्थ, जुना आणि नवा, एकाच चौकटीत बसविण्याची ही करामत होय. त्यानंतर कवटी पुसली गेली व आरसाच तेवढा राहिला. विसाव्या शतकात शृंगाराच्या पेटीस, मग मेजास आणि मग मोरीवरच्या कपाटास हे नाव मिळाले. आमच्या मुंबईत तर चित्रपटातील नटनट्यांच्या विश्रांतीच्या व रंगभूषेच्या मोटारगाडीस ‘व्हॅनिटी व्हॅन’ म्हणतात आणि त्या नावात कोणासही काही वावगे वाटत नाही. ज्या शब्दाने एके काळी श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राही, तो आता दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर सुखाने नांदतो आहे.

यात इंग्रजी भाषेचा काही गुन्हा आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जिवंत भाषेतील शब्द बदलतातच. आम्ही स्वतः ज्या व्यवसायात जन्म काढिला, त्यातीलच उदाहरण घ्या : हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे छडी! हे दोन अर्थ एकाच संस्कृत शब्दाचे आहेत हे कळल्यावर अनेक विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर समाधानाचे हसू उमटलेले आम्ही पाहिले आहे. ‘राजीनामा’ हा फारसीत राजीखुशीचा कागद. मराठीत तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. शब्द बदलला म्हणून रडण्याचे कारण नाही. कारण रडण्याचे तेव्हा होते, जेव्हा शब्द बदलल्याची कोणास वार्ता नसते आणि जुन्या ग्रंथात नवा अर्थ बिनदिक्कत घातला जातो.

याचा परिणाम किती दूरवर जातो, हे एका उदाहरणाने कळेल. शुक्रवारी संध्याकाळी अनेक यहुदी घरांत सद्गुणी स्त्रीच्या स्तुतीचा जो पाठ म्हणतात, त्यात सौंदर्यासंबंधी बोलताना हाच ‘हेवेल’ शब्द आला आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘व्हेन’ आहे. आजची मुलगी तो वाचते तेव्हा तिला वाटते की, सुंदर स्त्रिया घमेंडखोर असतात असे शास्त्र सांगते! वस्तुतः तेथे कोणावर आरोप नाही. रूप हे वाफेसारखे आहे, ते टिकत नाही, एवढेच तेथे म्हणावयाचे आहे. आपल्या मुलींना आपल्याच ग्रंथाकडून नसलेला टोमणा ऐकावा लागावा, ही क्षुल्लक बाब नव्हे.

अलीकडच्या भाषांतरकारांना ही अडचण कळून चुकली आहे. अमेरिकेतील यहुदी प्रकाशन संस्थेने १९८५ साली पूर्ण केलेल्या नव्या भाषांतरात ‘व्हॅनिटी’ काढून ‘फ्युटिलिटी’ हा शब्द घातला. हा शब्दही मोठा बोलका आहे. लॅटिनमध्ये ‘फ्युटिलिस’ म्हणजे ज्यातून सहज सांडते ते. फुटक्या घागरीने पाणी वाहावे, तसे. कोकणात तेलाच्या घाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आमच्या शनवार-तेली पूर्वजांना गळक्या भांड्याची व्यथा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु ‘फ्युटिलिटी’ हाही अखेर निकालच आहे. रॉबर्ट आल्टर या विद्वानाने आपल्या अलीकडील भाषांतरात पुन्हा श्वासाकडे धाव घेतली आहे. अक्विलानंतर सुमारे अठराशे वर्षांनी गाडी मूळ स्थानकावर आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि आपली मराठी? मराठी बायबलात या ठिकाणी ‘व्यर्थ’ हा शब्द आहे. ‘व्यर्थ’ म्हणजे ज्यातून अर्थ निघून गेला ते. शब्द भारदस्त आहे. त्यात आरसा नाही, घमेंड नाही. या बाबतीत तो ‘व्हॅनिटी’हून पुष्कळ बरा. तरीही तो हेवेल नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण तोही वाफेवर निवाडा देऊन मोकळा होतो. पण मराठीजवळ एकच शब्द नाही. ‘फोल’ पाहा : भाताच्या लोंबीत दाणाच न भरल्यास राहते ते फोल, वाऱ्याबरोबर उडते ते फोलपट. अलिबाग-पेणच्या शेतावर सुपाने भात पाखडणारी बाई हेवेलचा अर्थ एका क्षणात सांगेल. आणि ‘फुकट’ पाहा : ‘श्रम फुकट गेले’ आणि ‘बी फुकट मिळाले’ अशी दोन टोके एकाच शब्दात. हिब्रूतील ‘हिनाम’ या शब्दाचे हुबेहूब असेच आहे. तो ‘मोफत’ही आहे आणि ‘विनाकारण’ही. ज्या द्वेषाला कारण नाही, ज्याच्यामुळे दुसरे बेथ हमिकदाश नाश पावले असे आमचे विद्वान सांगतात, तो द्वेष याच शब्दाने ओळखला जातो. मराठी मुलास हे ‘फुकटचे वैर’ म्हणून सांगितले की पुढे काही बोलावे लागत नाही.

अध्यापनाचे प्रशिक्षण घेत असता आम्हांस दोन सूत्रे घोकून घेतली गेली होती : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे आणि मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे. त्या वयात ती परीक्षेपुरती पाठ केली. आज या परमुलखात कळते की, आपल्या मुलांना हिब्रूकडे नेताना मराठी हे ज्ञात असू शकते, कारण ती आजीच्या तोंडची भाषा आहे. आमच्या पूर्वजांनीही नेमका हाच मार्ग धरला होता. १८७४ साली पुण्यात छापलेल्या सचित्र हग्गादामध्ये हिब्रूच्या जोडीला मराठी आहे. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी मुंबईत शाळा चालविता चालविता हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लोकांनी तनाखमधील कथांवर मराठीतून कीर्तने केली. त्यांनी हिब्रू टाकिले नाही आणि मराठीस कमी लेखिले नाही. एक भाषा दुसरीचा कंदील झाली.

येथे आम्हांस विरोधी मताचाही विचार केला पाहिजे. एका पालकांनी आम्हांस सरळ विचारिले : “मराठीत फुकट वेळ कशाला घालवता? मुलांना इंग्रजी येतं, पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेवढं पुरे.” हे गृहस्थ वाईट नाहीत, दोन पाळ्यांची नोकरी करून ते मुलाला दर रविवारी वेळेवर आणून सोडतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मुलांचे आयुष्य इंग्रजीत जावयाचे आहे. परंतु वर सांगितलेला ‘व्हॅनिटी’चा प्रसंग हेच त्यांना आमचे उत्तर आहे. ज्यास एकच भाषा येते, त्यास तिच्यातील शब्द म्हणजेच वस्तू वाटते. दोन भाषा येणाऱ्याच्या मनात निदान शंका तरी उभी राहते की, येथे काहीतरी सुटले असावे. ती शंका म्हणजेच अभ्यासाची पहिली पायरी होय.

दुसरे मत याहून जड होते. आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध आजींनी एकदा सहज म्हटले : “आपली बोली आपल्याबरोबरच जायची. नातवंडं ऐकतात, हसतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. इतकं सांभाळलं ते सगळं व्यर्थच.” यावर आम्हांस तत्काळ काही बोलता आले नाही. खोटा धीर देणे आमच्या स्वभावात नाही. क्वीन्सलँडमध्ये आपण मूठभर आहोत. ब्रिस्बेनच्या मार्गारेट स्ट्रीटवरील १८८६ साली बांधलेल्या सिनागॉगमध्ये गेलो तरी मराठी कानी पडेलच असे नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत येथे मराठी टिकेल, असे वचन आम्ही कोणासही देऊ शकत नाही.

परंतु ‘न टिकणारे’ आणि ‘व्यर्थ’ या दोन गोष्टी एक आहेत काय? आमच्या मते सारा घोटाळा येथेच आहे, आणि हेवेलचे भाषांतर करताना जे हरवले ते नेमके हेच. बेरेशिथमधील आदामचा दुसरा मुलगा, ज्यास आपण हाबेल म्हणतो, त्याचे हिब्रू नाव हेवेल हेच आहे. तो तरुणपणी मारला गेला. त्याचे आयुष्य खरोखरच श्वासाएवढे झाले. परंतु दोघा भावांपैकी परमेश्वराने कृपादृष्टीने पाहिले ते कोणाच्या अर्पणाकडे? ज्याचे नाव ‘वाफ’, त्याच्याच. जो टिकला नाही, त्याचेच दान स्वीकारले गेले. हे ज्याने ध्यानी घेतले, तो कोहेलेथ वाचून निराश होणार नाही. कोहेलेथही निराशा शिकवीत नाही. तो पुन्हा पुन्हा सांगतो की अन्न आनंदाने खावे, काम मनापासून करावे, सोबत्यास धरून राहावे. वाफ मुठीत धरू नये, एवढाच त्याचा आग्रह आहे.

याहून मोठा पुरावा तालमूदात आहे. शब्बाथ नामक भागात आमचे विद्वान सांगतात की, हे जग टिकून आहे ते पाठशाळेत शिकणाऱ्या लहान मुलांच्या मुखातील श्वासामुळे. बेथ हमिकदाश बांधण्याच्या कामासाठीसुद्धा त्यांचा अभ्यास मोडू नये. तेथे ‘श्वास’ या अर्थी कोणता शब्द आला आहे? हेवेल! तोच शब्द. कोहेलेथने ज्या शब्दाने धन, सत्ता व विद्या तोलली, त्याच शब्दावर तालमूदाने जगाचा भार ठेविला आहे. ज्याला हेवेल म्हणजे केवळ ‘व्हॅनिटी’ असे शिकविले, त्यास हे वाक्य कळूच शकणार नाही. ज्यास केवळ ‘व्यर्थ’ शिकविले, त्यासही नाही. ज्याने थंडीत आपल्या तोंडची वाफ पाहिली आहे, त्यासच ते कळेल.

सबब आमची वाचकांस तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, मुलांना तनाख शिकविताना महत्त्वाचा हिब्रू शब्द भाषांतरात विरघळू देऊ नये; तो तसाच उच्चारावा, देवनागरीत फळ्यावर लिहावा आणि मग त्यास निरनिराळी इंग्रजी व मराठी वस्त्रे घालून पाहावीत. १९१७ चे आणि १९८५ चे अशी दोन यहुदी इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेविली तरी मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. दुसरी, घरातील आजी-आजोबांकडून मराठी शब्द मागून घ्यावेत. ‘फोल म्हणजे काय?’ एवढे नातवाने विचारिले, तर आजीस आपले सांभाळणे कोणाच्या तरी उपयोगी पडले असे वाटेल आणि नातवास भाताचे शेतही दिसेल. तिसरी विनंती स्वतःस व आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांस : मराठी केवळ मिरविण्यासाठी बाळगू नये. सणासमारंभात दोन ओळी म्हणावयाच्या आणि घरी कोणाशी बोलावयाचे नाही, ही मात्र आजच्या अर्थाची ‘व्हॅनिटी’ होईल. भाषा आरशापुढे ठेवण्याची वस्तू नव्हे. ती हाताशी ठेवावयाची वस्तू आहे.

आम्ही स्वतः काय केले, ते सांगून हे लांबलेले लिखाण संपवितो. येथील हिवाळा जुलैत असतो. त्या महिन्यातील एका थंड रविवारी पुस्तके घरी ठेवून आम्ही मुलांना तळ्याकाठी नेले. पाण्यावर पांढरे धुके होते. मुलांना सांगितले, मोठा श्वास सोडा. सर्वांच्या तोंडून वाफ निघाली आणि विरली. आम्ही म्हटले, “याला हेवेल म्हणतात. शलोमोचा शब्द हाच.” त्या बाथरूमच्या व्हॅनिटीवाल्या मुलीने पुन्हा एकदा श्वास सोडिला, तो नाहीसा होईपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “टीचर, पण हा गेला तरी मी आहे ना. परत येतो.” आणि तिने पुन्हा श्वास घेतला.

ते वाक्य आम्ही त्या आजींना जसेच्या तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी नातवाचा हात धरून त्या स्वतः आल्या, मेजापाशी बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, “चला, आज मी सांगते, सूप म्हणजे काय आणि भात कसा पाखडायचा.”